सुनेचे नाक

अळ्यांच्या खोलीत शिरायचे तर आधी सुनेसमोर उभे राहून वास द्यावा लागे. ती हात हुंगे, मग कपाळ, मग खांद्यापाशी नाक नेऊन क्षणभर डोळे मिटे. पसंत पडले तर चपला बदलायच्या, जंतुनाशकाच्या पाण्यात पाय बुडवायचे आणि आत जायचे. नापसंत ठरलेला माणूस अंगणातूनच परत फिरे. दिराला तिने केसांच्या जेलपायी अनेकदा परत पाठवले होते. शेवटी तो टोपी घालून आला. टोपीलाही वास होता.

हा नुसता सोवळेपणा नव्हता. रेशमाची अळी हा मोठा विचित्र प्राणी आहे. तुतीच्या पानाच्या देठातून जो पांढरा चीक येतो, तो दुसऱ्या कितीतरी अळ्यांना बाधतो. बाहेरची अळी उचलून या पानावर ठेवली तर ती दोन घास घेते आणि वाढायची थांबते. रेशमाची अळी मात्र तेच पान जन्मल्यापासून कोष विणेपर्यंत खाते आणि तिला काही होत नाही, कारण तिचे पोटच त्या विषाला सरावलेले आहे. पण पिढ्यान्‌पिढ्या माणसाच्या घरात, आयत्या पानावर वाढलेली ही अळी डासांच्या उदबत्तीने मरते, फवारलेल्या पानाने मरते आणि कुणाच्या अत्तराने जेवण सोडते. सुनेने हे सगळे एकदा जेवताना समजावून सांगितले होते. त्यावर सासूबाई, म्हणजे माई, म्हणाल्या होत्या की विष पचते आणि अत्तर पचत नाही, याला नाजूकपणा म्हणत नाहीत, नखरे म्हणतात.

खोली घरामागे होती. लांबट, पत्र्याची, खिडक्यांना बारीक जाळ्या. सासऱ्यांनी निवृत्तीनंतर ती बांधली होती. कशासाठी, हे त्यांनाही नीट ठाऊक नव्हते. त्यांना सगळे अण्णा म्हणत. वजनमापाच्या खात्यात ते निरीक्षक होते आणि आतून पोखरून हलकी केलेली वजने नुसती हातात धरून ओळखत, असा त्यांचा लौकिक होता. दुकानदार त्यांना चहा देत नसत, कारण ते पेल्यातही किती उणे आहे ते बघत.

आता त्या खोलीवर दोघांचा डोळा होता. दीर फ्रीज दुरुस्त करी. उघडे पडलेले, दारे निखळलेले फ्रीज पुढच्या ओसरीत ओळीने उभे असत आणि घरी येणाऱ्याला त्यांच्यामधून आडवे होऊन आत यावे लागे. त्याला कामासाठी मागची खोली हवी होती. सुनेला तीच खोली अळ्यांसाठी हवी होती, आणि नुसती एका खेपेपुरती नाही, कायमची. सुनेचा नवरा लांब पल्ल्याचा ट्रक चालवी, त्यामुळे घरातल्या वादाच्या वेळी तो बहुधा दुसऱ्या कुठल्या तरी गावात असे. वाद अण्णांकडे गेला. अण्णांनी दोघांचे ऐकून घेतले आणि निकालाची अट घातली. रेशीम केंद्राने अंडी देताना सरासरी किती कोष यावेत ते सांगितलेले असते. या खेपेचा माल त्या वजनाला पोचला तर खोली सुनेची, नाही पोचला तर धाकट्याची. वजन स्वतः अण्णा करणार.

दिराला ही अट फार आवडली. सुनेची आधीची खेप साफ गेली होती. शेजारच्या बागेत फवारणी झाली, वारा नेमका इकडे होता आणि तुतीच्या पानावर काय बसले आहे ते तिला अळ्या काळ्या पडल्यावर कळले. तेव्हापासून तिचा कुणावरही विश्वास उरला नव्हता, वाऱ्यावर तर नाहीच. ती पाला तोडण्याआधी पान हुंगे, पाणी भरण्याआधी बादली हुंगे. दीर म्हणे, वहिनीला पोलिसांच्या पथकात नोकरी लागेल, फक्त साखळी लागेल.

या हुंगण्याचा सगळ्यात मोठा फटका माईंना बसला. त्यांचे गुडघे दुखत आणि त्या दिवसातून दोनदा मलम चोळत. मलमाचा वास असा, की माई येण्याआधी तो येई आणि त्या गेल्यावर थोडा वेळ बसून मग जाई. सुनेने त्यांना अळ्यांच्या खोलीतच नव्हे, तिला लागून असलेल्या पाल्याच्या खोलीतही यायला मनाई केली. माईंनी मनाई पाळली. मात्र येणाऱ्या प्रत्येकाला सांगितले की या घरात अळ्यांच्या नाकाची काळजी आहे, सासूच्या गुडघ्यांची नाही.

त्यांची जागा अण्णांनी भरून काढली. दुपारी सून जरा पाठ टेकायला निघाली की अण्णा पाल्याच्या खोलीत जात, स्टुलावर बसत आणि तुतीच्या फांद्या निवडत. पिवळी पाने खुडायची, मोळी बांधायची, ओल्या गोणपाटाने झाकायची. संध्याकाळचा पाला या मोळ्यांतून जाई. निघण्याआधी सून त्यांना दारात हुंगे आणि अण्णा दर वेळी स्वच्छ निघत. कापूर नाही, साबण नाही, काही नाही. ती माईंना म्हणाली की अण्णांसारखा बिनवासाचा माणूस तिने पाहिला नाही. माईंनी अण्णांकडे बघितले आणि म्हणाल्या, आयुष्यभर असेच होते, कशाचा वास म्हणून लागू देत नाहीत.

खेप चांगली चालली. अळ्यांनी चौथ्यांदा कात टाकली आणि शेवटच्या, म्हणजे खादाडीच्या दिवसांत पाऊल टाकले. या दिवसांत त्या बोटाएवढ्या होतात आणि सगळ्या मिळून इतके खातात, की कान दिला तर कुणी बारीक कात्रीने कागद कापत बसले आहे असे वाटते. सुनेची झोप त्या आवाजावर बेतलेली होती. एका सकाळी ती खोलीत गेली आणि दारालगतच्या रॅकवर आवाज नव्हता.

अळ्या जिवंत होत्या, पण खात नव्हत्या. त्यांनी अर्धे अंग वर उचलले होते, डोके मागे टाकले होते आणि तोंडातून हिरवे पाणी गळत होते. आतल्या बाजूचे रॅक नेहमीसारखे कुरतडत होते. सुनेने तिथूनच माईंना हाक मारली आणि विचारले, काल रात्री तुम्ही मलम लावून इथे आला होतात का.

माई अंगणात उभ्या होत्या. त्यांनी आधी पदराने हात पुसले, मग सावकाश उत्तर दिले.

"मी का येऊ गं? तुझ्या त्या किड्यांचं बारसं होतं का?"

"माई, मलमाने होतं असं. मी फक्त विचारतेय."

"विचारत नाहीस. ठरवून सांगतेस."

हे खरे होते, म्हणून सुनेला अधिकच राग आला. तिने मग दिराला गाठले. फ्रीजमधला गॅस, रंगाचा डबा, डिंक, काय काय वापरलेस ते सांग. दीर म्हणाला की त्याने खोलीकडे बघणेही सोडले आहे, कारण नंतर बोल लागायला नको. आणि वहिनीच्या अळ्या मरून खोली मिळण्यापेक्षा त्या आळशी निघून मिळाली तर त्याला जास्त बरे वाटेल. बोलणे उद्धट असले तरी त्यात खोट नव्हती. अण्णा तेवढे कोपऱ्यात बसले होते. ते पेपर वाचत होते. पान मात्र उलटत नव्हते.

रेशीम केंद्रातल्या तज्ज्ञ बाई फोन केल्यावर लगेच आल्या. उंच, कमी बोलणाऱ्या. दारात सुनेने त्यांनाही हुंगले, तेव्हा त्यांना त्यात काही वावगे वाटले नाही, उलट त्यांनी हात आपणहून पुढे केला. त्यांनी एक अळी तळहातावर घेतली, वाकून बघितली, रॅकवरचा पाला बघितला आणि विचारले, जवळपास तंबाखूचे शेत आहे का.

नव्हते. मग घरात कोण खाते, ओढते, हुंगते? दीर म्हणाला, मी नाही. माईंनी मान ताठ केली. त्या म्हणाल्या की आमचे हे तपकीर ओढायचे. पण डॉक्टरांनी छातीमुळे बंद करायला सांगितली आणि डबी मी स्वतःच्या हाताने गटारात टाकली. तेव्हापासून या घरात चिमूटभर तपकीर नाही. अण्णांनी या म्हणण्याला दुजोरा दिला, म्हणजे ते खोकले.

बाईंनी काय करायचे ते सांगितले. औषध नाही. रॅकवरचा सगळा पाला काढा, खिडक्या उघडा, नवा पाला आणा, धुऊन निथळून घाला आणि वाट बघा. तंबाखूचे विष अळीच्या नसांवर चढते. थोडे गेले असेल तर तिचे शरीर ते हळूहळू मोडते आणि बाहेर टाकते. जास्त गेले असेल तर ती डोके खाली आणत नाही. उद्या कळेल.

सुनेने सगळे केले. पाला काढताना तिच्या लक्षात आले की दारालगतच्या रॅकवर नेहमी पाल्याच्या खोलीतल्या दाराजवळच्या मोळ्या जातात, कारण त्या आधी हाताला लागतात. ती पाल्याच्या खोलीत गेली. स्टूल होते. स्टुलाशेजारी गोणपाट होते आणि ओल्या गोणपाटावर तपकिरी रंगाचा एक डाग पसरला होता. तिने वाकून नाक जवळ नेले आणि तिला अशी शिंक आली की डोळ्यांत पाणी उभे राहिले. ज्या नाकाच्या जोरावर ती घर चालवत होती, ते इतके दिवस दारात उभे होते, आणि चोर दाराच्या आत होता. स्टुलावर चढून तिने पत्र्याखालच्या आडव्या वाशावरून हात फिरवला. डबी मिळाली. लहान, पितळी, झाकण नीट घासलेले.

जागा अशी निवडली होती, की तिला कौतुकच वाटले. सगळ्या घरात माई जिथे कधी येणार नाहीत अशी ही एकच खोली होती, आणि ती तशी सुनेनेच करून दिली होती. शिवाय हुंगणे होई ते आत जाताना. आत जाताना अण्णा स्वच्छच असत. बाहेर येताना कोणी हुंगत नसे.

दुपारी अण्णा नेहमीच्या वेळी आले. सुनेने हुंगले नाही. डबी स्टुलावर ठेवली होती. अण्णांनी ती बघितली, दार लोटून घेतले आणि डबी उचलून स्टुलावर बसले.

"अळ्यांना विचारलं," सून म्हणाली. "त्यांनी तुमचं नाव सांगितलं."

अण्णांनी डबीचे झाकण अंगठ्याने दाबून बघितले. मग म्हणाले की रोजची चिमूट ते खिडकीपाशी उभे राहून घेत आणि नंतर हात धूत, त्यात हयगय नव्हती. काल डबी हातातून निसटली. मोळीवर सांडली. त्यांनी फुंकर मारून मोळी साफ केली, झटकली, पुन्हा बघितली. डोळ्यांना काही दिसले नाही.

"पोखरलेलं वजनही डोळ्यांना दिसत नाही ना, अण्णा?"

हे त्यांना लागले. बचावासाठी ते म्हणाले की तंबाखूच्या शेतातही अळ्या असतातच, त्या पाने फस्त करतात आणि ठणठणीत असतात, हे त्यांनी वाचले आहे. सुनेने सांगितले की असतात, त्या वेगळ्या; त्या विष पोटातून पुढे ढकलतात, काही तर ते श्वासावाटे सोडून शत्रूला पळवतात. ज्याने त्याने आपापले विष पचवायला शिकलेले असते. हिने तुतीचे शिकून घेतले आहे, तपकिरीचे हिला कुणी शिकवले नाही.

"माईला सांगशील?"

"नाही सांगणार. पण वजन तुम्ही करणार आहात आणि निकालही तुम्हीच देणार आहात. ते तेवढं बघा."

अण्णांनी डबी खिशात घातली, मग बाहेर काढली आणि तिच्या हातात दिली. तिने ती कुठे टाकली हे त्यांनी विचारले नाही.

सकाळी दारालगतच्या रॅकवर आवाज होता. सगळीकडून नाही, इथून तिथून, तुटक. बऱ्याचशा अळ्यांनी डोके खाली आणून पानाच्या कडेला तोंड लावले होते. काहींनी आणले नाही. त्या सुनेने वेचून वेगळ्या केल्या आणि मागे पुरल्या. ती खिडकीशी उभी राहून बराच वेळ ऐकत राहिली. माई अंगणातून जाताना थबकल्या. त्यांनी काही विचारले नाही, पण आपणहून सांगितले की आज मलम लावलेले नाही, तेव्हा वाटल्यास पाण्याची बादली उचलून देते. सुनेने बादली घेतली. माफी मागायची होती, पण ती मागितली तर चोर कोण हेही सांगावे लागले असते. ती नुसती म्हणाली की माई, तुमचे गुडघे आज कसे आहेत. माई म्हणाल्या, तुला वास येत नाही तेवढे बरे आहेत.

अळ्या पिकल्या, अंगातून पिवळसर उजेड दिसू लागला, तेव्हा त्यांना चंद्रिकांवर चढवले. चंद्रिका म्हणजे बांबूच्या पट्ट्यांची गोल जाळी. तिच्या एकेका खणात बसून अळी स्वतःभोवती कोष विणते. विषातून उठलेल्या अळ्यांनीही विणले. त्यांचे कोष जरा लहान होते, काहींची टोके पातळ होती. आतल्या रॅकचे मात्र भरदार.

वजनाच्या दिवशी अण्णांनी स्वतःचा जुना काटा काढला, पारडी पुसली, ओसरीतला एक फ्रीज सरकवून जागा केली. दीर कडेला उभा होता. नवरा गाडी लावून नेमका त्याच सकाळी आला होता आणि आल्याचा पश्चात्ताप त्याच्या चेहऱ्यावर दिसत होता. माई दारात बसल्या. सून कोषांच्या टोपल्या एकेक पुढे करत होती आणि काट्याकडे बघत नव्हती.

शेवटची टोपली झाली. अण्णांनी बेरीज केली. मग सगळे पुन्हा वजन केले. पुन्हा तेवढेच. केंद्राच्या सरासरीला थोडे कमी पडत होते. फार नाही, दोन-तीन ओंजळी असतील. दीर खाकरला आणि म्हणाला की त्याला वहिनीचे वाईट वाटते, मनापासून वाटते, पण अण्णांनीच लहानपणापासून शिकवले आहे की काटा नातं बघत नाही.

सुनेने रिकामी टोपली उचलली. ती आत निघाली होती.

"थांब," अण्णा म्हणाले.

त्यांनी काट्यावरची वजने उतरवली. एकेक, सगळ्यात मोठ्यापासून. मग माईंकडे न बघता, पण माईंना ऐकू जाईल इतक्या आवाजात, ते बोलले.

"माल कमी आहे. पण तो तिच्या हातून कमी झालेला नाही. तपकीर माझी होती. पाल्याच्या खोलीत ओढत होतो, मोळीवर सांडली. तपासणाऱ्यानेच पारड्यात बोट घातलं असेल तर ते वजन धरत नाहीत. नियम आहे. खोली सूनबाईची."

नवऱ्याने गाडीत काहीतरी राहिल्याचे सांगितले आणि तो बाहेर गेला. दीर नियमाविरुद्ध भांडला नाही. उलट त्याचा चेहरा असा झाला होता, की खोलीचा विषय इथेच संपला तर त्याला हवाच आहे.

माई उठल्या. गुडघ्यांवर हात ठेवून, वेळ घेत. त्या अण्णांजवळून गेल्या आणि सुनेपुढे येऊन थांबल्या. सुनेने टोपली खाली ठेवली.

"माई, त्या दिवशी मी तुमच्यावर आळ घेतला. चुकलं माझं."

"चुकलं ते चुकलंच. तुझं मी नंतर बघते." माईंनी वळून बघितले नाही. "आधी त्यांना विचार. मी त्यांच्याशी बोलत नाहीये. त्यांना विचार, डबी मी गटारात टाकली होती. ही दुसरी आणली कुणी? ते तर घरामागच्या फाटकापलीकडे जात नाहीत."

सुनेने अण्णांना विचारले. अण्णा काटा आवरत होते. ते म्हणाले, तिला सांग की एकदा खरं बोललो, एका दिवसाला पुरे. माई म्हणाल्या, त्यांना सांग की अर्धं वजन मी घेत नाही. सून दोघांच्या मध्ये उभी होती, निरोप पोचवत, आणि तिच्या लक्षात आले की अण्णा उत्तर देत नसले तरी त्यांची नजर राहून राहून एकाच बाजूला जात आहे.

दीर ओळीतल्या शेवटच्या फ्रीजमागे गेला होता. तिथून त्याने सांगितले की तो पक्कड शोधतो आहे.

माई म्हणाल्या, "शोध. सापडली की इकडे ये."